अत्तराचा फाया आणि सहरीचा गॅस

जुम्याच्या नमाजला कानात अत्तराचा फाया ठेवून कोणी सफेत येऊन बसले की शेजारच्याला मान न वळवताही कळते. अंगाच्या उबेने अत्तराचे रेणू फायातून सुटतात, हवेत मिसळतात आणि त्यांतले थोडे आपल्या नाकापर्यंत येतात. वास म्हणजे त्या वस्तूचाच अंश. म्हणून तर बूच सैल राहिलेल्या कुपीतला गुलाब हळूहळू फिका पडतो.

हलके रेणू लवकर उडतात. स्प्रेमधले अल्कोहोल क्षणात उडून जाते. उडताना त्वचेची उष्णता घेते, म्हणून गार लागते. कनौजचे अत्तरवाले मात्र देगेत फुले शिजवून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदनतेलाचे रेणू सावकाश उडतात, फुलांच्या वासालाही धरून ठेवतात. अस्सल अत्तर दुसऱ्या दिवशीही शेरवानीला दरवळते ते यामुळे.

वर्गात आम्ही पंखे बंद करून बशीत अत्तराचे चार थेंब टाकतो आणि वास येताच हात वर करायला सांगतो. पुढच्या बाकावरचे हात लगेच वर जातात, मागच्यांना चांगलाच वेळ लागतो. खरे तर हे रेणू सेकंदाला शंभर-दोनशे मीटर वेगाने धावत असतात. पण ईदगाहच्या फाटकातल्या गर्दीत सापडलेल्या मुलासारखी त्यांची गत होते. हवेच्या रेणूंना पावलोपावली धडकत, दिशा बदलत ते पुढे सरकतात. पंखा लावला की हवाच त्यांना उचलून नेते. घरात वास पसरतो तो मुख्यतः असा, हे पाठ्यपुस्तकांनी जरा ठळकपणे सांगायला हवे.

कारण हेच गणित स्वयंपाकघरात जिवाशी येते. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड, म्हणून आधी जमिनीलगत साचतो. रमजानमध्ये रात्रभर खिडक्या बंद, हवा निश्चल. सहरीला उठल्यावर अंधारात पहिला हात जातो दिव्याच्या बटणाकडे, आणि बटणात पडणारी बारीक ठिणगी पुरेशी असते.

तेव्हा वास आला तर दिवा नाही, काडी नाही, एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नाही. चालू असलेले बटणही बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, मुलांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर पडावे आणि मोबाइल बाहेर गेल्यावरच काढून १९०६ ला फोन करावा. थोड्या वेळाने वास येईनासा झाला तरी आत जाऊ नये. नाक त्याच वासाला लवकर सरावते, गॅस मात्र तिथेच असू शकतो.

तरावीहनंतर आवराआवर झाली की रेग्युलेटर बंद करायचे काम घरातल्या एका मोठ्या माणसाकडे कायमचे सोपवावे.