कर्म ठेकेदाराचं, मरण सफाई कामगाराचं

सफाई कामगार मॅनहोलमध्ये गुदमरून मरतो आणि वस्तीतली एखादी म्हातारी डोळे पुसत म्हणते, "गेल्या जन्मीचं काही असेल बाबा." तिचा राग येत नाही. चोखोबांसारख्या संतालाही आपला जन्म पूर्वकर्माचं फळ वाटला, तिथे तिची काय कथा! राग येतो तो 'कर्मा' म्हणून स्टेटस ठेवणाऱ्या आपल्या शिकलेल्या पोरांचा. भिंतीवर बाबासाहेब आणि डोक्यात मनू.

मित्रांनो, साधा हिशोब मांडा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी ठेकेदार यंत्राचे पैसे वाचवतो, अधिकारी डोळेझाक करून बिल पास करतो. लोभ यांचा, आणि जीव जातो तिसऱ्याचाच. इथे पूर्वजन्म मध्ये आणला की गुन्हेगार गायब होतो आणि मेलेलाच आरोपी ठरतो.

ही लबाडी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या चौथ्या खंडात उघडी पाडली. ब्राह्मणी कर्मसिद्धांत आत्म्यावर उभा आहे. बुद्धाने आत्माच नाकारला, मग मागच्या जन्माचं गाठोडं वाहणार कोण? गरिबांच्या दैन्याची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, एवढाच या सिद्धांताचा हेतू, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. तिसऱ्या खंडात ते कम्माकडे नैतिक व्यवस्थेचा आधार म्हणून पाहतात. ही व्यवस्था देव चालवत नाही. माणसांची कुशल-अकुशल कर्मं ती चालवतात, आणि त्यांची फळं सगळ्या समाजाला भोगावी लागतात.

यावर काही उपासक म्हणतील, बुद्धाने चेतनेलाच कम्म म्हटलंय, ठेकेदाराला कुठे कुणाला मारायचं होतं? नसेल. त्याला पैसे वाचवायचे होते. त्याच चेतनेला लोभ म्हणतात, आणि लोभ हे अकुशलाचं मूळ आहे.

आता निःस्वार्थ कर्माचं फळ पाहा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांना त्याच दिवशी काय मिळालं? सवर्णांचा मार. पुढे खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. त्यांनी पुण्य साठवायला पाणी प्यायलं नव्हतं. त्यांच्या कर्माचं फळ आपण खातोय, तेही आयतं.

म्हणून स्वार्थाची गोष्ट ठेकेदारापाशी थांबवता येत नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती आजही तशीच लागू आहे. आरक्षणाने नोकरी, नोकरीने फ्लॅट, फ्लॅटमध्ये गेल्यावर आडनाव लपवायचं, आणि वर्षातून एकदा विहाराला पंखा दान देऊन पाटीवर नाव कोरून घ्यायचं. (पंखा चालतो की नाही, हे बघायला कुणी येत नाही.) हे दान की पुढच्या जन्माचा विमा?

त्याच विहारामागच्या गल्लीत गटारात गेलेल्या कामगाराची बायको भरपाईसाठी खेटे घालते आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे अशा मृत्यूला ३० लाख मिळायला हवेत. तिचा अर्ज लिहायला, एफआयआरमध्ये ठेकेदाराचं नाव आलंय का हे पोलीस ठाण्यात जाऊन बघायला आपल्यातला कोण पदवीधर मोकळा आहे?

जय भीम!