मस्तानी महालासमोर थोडे थांबा

शाळेत मराठ्यांच्या इतिहासाचा धडा सुरू झाला की वर्गातल्या काही माना आपल्या मुलांकडे वळतात. घरी येऊन मूल विचारते, “अम्मी, तेव्हा आपण कुणाच्या बाजूने होतो?” या प्रश्नावर गप्प बसू नका. सुट्टीच्या दिवशी त्याला पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन जा.

पहिल्या बाजीराव पेशव्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. पण मस्तानीसाठी त्याने कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणून या संग्रहालयात पुन्हा उभे केले. मोठ्या वाड्यात जिला मानाने राहता आले नाही, तिचीच वास्तू आज लोक तिकीट काढून पाहतात.

मस्तानी ही बुंदेलखंडच्या छत्रसालाची मुलगी. पेशव्यांच्या घराने तिला सून मानले नाही. १७४० मध्ये बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला आणि त्याच वर्षी तीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे.

मुलांना खरी गोष्ट सांगायची ती तिच्या मुलाची. बाजीरावाने त्याचे नाव कृष्णराव ठेवले होते, पण त्याची मुंज लावायला पुण्याचे ब्राह्मण तयार झाले नाहीत. तो शमशेर बहादूर म्हणून वाढला, तोही पेशव्यांच्याच कुटुंबात. १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनीच गेला. तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. त्याचा मुलगा अली बहादूर याच्यापासून बांद्याच्या नवाबांचे घराणे सुरू झाले. १८५७ मध्ये त्या घराण्याचा नवाब इंग्रजांविरुद्ध उठला.

ज्याला एका दारातून परत पाठवले, त्याने त्याच घरासाठी जीव दिला. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

महाल पाहून झाला की दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दारेही निवांत पाहा. केळकरांनी हा सारा संग्रह १९७५ मध्ये सरकारला दिला आणि त्याला नाव दिले ते लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाचे. हेही मुलांना सांगा. माणसे जातात, त्यांच्या वस्तू कुणीतरी मायेने जपल्या, तरच पुढच्यांना ती भेटतात. घरी आल्यावर नानीची जुनी पेटी उघडा आणि तिच्या वस्तूंची गोष्टही मुलांना ऐकवा.