खेळ सुटला, आता मी कोण?



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एकोणीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. सातवीपासून कबड्डी खेळणारी, चढाईत पटाईत. सामन्यात गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला. आई म्हणाली, ‘‘बरंच झालं, आता स्थळं बघायला मोकळे.’’ मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘ताई, खेळत होते तेव्हा मी कुणीतरी होते. आता मी कोण?’’

समाजकार्याच्या शिक्षणात मी समुपदेशनाची तंत्रं शिकले. पण या प्रश्नाला ती पुरली नाहीत. मला आल्बेर कामू आठवला. अल्जीरियातला हा गरीब घरचा मुलगा फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता. १९३० मध्ये, सतराव्या वर्षी, क्षयानं त्याला गाठलं आणि खेळ सुटला. मावशीच्या घरी राहून तो सावरला, पुन्हा शिकला, लेखक झाला. १९५७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माणूस घडवून पाठवलेला नसतो, तो आपल्या निवडीतून घडतो, असं अस्तित्ववादी सार्त्र सांगतो. पण निवडीसाठी कुणीतरी श्वास घ्यायला जागा द्यावी लागते. कामूला ती मिळाली.

मी त्या मुलीला विचारलं, ‘‘सगळ्यात जास्त काय आठवतं?’’ मला वाटलं, टाळ्या म्हणेल, बक्षिसं म्हणेल. ती म्हणाली, ‘‘संध्याकाळी घराबाहेर पडणं.’’

मुलाचा खेळ सुटला तर त्यालाही दुःख होतं, पण नाक्यावरचा कट्टा त्याच्यासाठी असतोच. मुलीचा खेळ सुटला की तिची संध्याकाळच सुटते. सिमॉन द बोव्हुआर यांनी १९४९ मध्ये ‘द सेकंड सेक्स’मध्ये हेच मांडलं होतं : आपली ताकद अजमावायची संधी नाकारली की मुलीचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास जातो. स्वातंत्र्य नुसतं मनात नसतं, ते परिस्थितीतही असावं लागतं.

आईशी तीनदा बोललो. एक वर्ष स्थळं नकोत, एवढं कबूल झालं. आता ती शनिवारी मैदानावर लहान मुलींना दम टिकवायला शिकवते. ती कोण, हे अजून ठरलेलं नाही. ते तिचं तिनंच ठरवायचं आहे. तोवर तिचं दार उघडं ठेवणं, एवढं तर आपल्या हातात आहे ना?

तुमच्या भागातल्या मुलींची संध्याकाळ कशी जाते? जरूर लिहा.