शेवटच्या चौकटीतील हात

सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा (२०१३) शेवट आठवावा. जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो आणि पडदा काळा होतो. मुलाचे पुढे काय झाले, हे सांगितले जात नाही. चित्रकादंबऱ्या वाचणारी घरातील तरुण मुलेही अशाच शेवटापाशी अडतात.

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ (१९८६-८७) घ्या. ओझिमँडिअस बनावट परग्रहवासी जीवाचे संकट रचून न्यूयॉर्कमधील लक्षावधी माणसे मारतो. त्या भयाने अमेरिका व सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावरून मागे फिरतात. गुपित कळलेले साथीदार मौन पत्करतात. रोर्शाक मात्र नकार देतो आणि प्राणाला मुकतो. त्याची रोजनिशी तत्पूर्वीच एका वृत्तपत्राच्या कचेरीत पोहोचलेली असते. रिकामी जागा भरण्यासाठी मजकूर शोधणाऱ्या तेथील मदतनीसाचा हात कागदांच्या ढिगाकडे वळतो, आणि कथा थांबते.

रोजनिशी उचलली जावी, असे ज्याला वाटते त्याने पुन्हा युद्धाचा धोका पत्करला. उचलली जाऊ नये, असे ज्याला वाटते त्याने एवढ्या मृतांची नोंद वहीतून खोडण्यास संमती दिली. लेखकाने निवाडा टाळलेला नाही, तो वाचकाच्या पदरात टाकला आहे.

एक खूण मात्र आहे, आणि ती सहसा नजरेतून सुटते. कादंबरीचा आरंभच त्या रोजनिशीतील मजकुराने होतो. वाचकाने ती पहिल्याच पानावर वाचलेली असते. अर्थात, ती छापली गेली तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? ते वृत्तपत्र भडक आणि एकांगी मजकुरासाठीच ओळखले जाते.