मित्राचे घरीं परदेश

हल्लीं परदेशगमन ही कांहीं नवलाची गोष्ट राहिली नाहीं. ज्या घरांतील मुलगा, सून, भाचा अथवा निदान शेजारी तरी दुबईस, लंडनास किंवा अमेरिकेंत नाहीं, असें घर ठाण्यांत वा डोंबिवलींत शोधावयाचें म्हटलें तर बराच फेरफटका मारावा लागेल. स्टेशनाबाहेर पडतांच प्रवास-कंपन्यांच्या पाट्या दिसतात आणि आठ दिवसांत पांच देश दाखविण्याचें वचन त्यांवर असतें. अशा प्रवासाची थट्टा करण्याची सुशिक्षितांत एक रीतच पडली आहे. ती रीत आम्हांस मान्य नाहीं. आठ दिवस थोडे आहेत हें खरें. परंतु ज्यास नोकरींतून पंधरवड्याचीहि रजा मिळत नाहीं त्यानें काय जन्मभर घरींच बसावें? दोष दिवसांच्या संख्येचा नव्हे. जेथें आपली कोणाशींच ओळख नाहीं तेथें जाऊन, कोणाशींच ओळख न करतां परत येणें, हा खरा दोष होय. दिवस थोडे असोत, धांवपळ पुष्कळ असो. पण परदेश पाहावयाचा तर तो मित्राच्या घरांतून पाहावा, असें आमचें मत आहे, आणि या मतास आधार शोधण्यासाठीं आम्हांस कल्याणची वेस ओलांडावी लागत नाहीं.

डॉ. आनंदीबाई जोशी या कल्याणच्या जोशी घराण्यांतील. जन्म १८६५ सालचा. मुंबईहून ठाण्यापर्यंतची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाली आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. म्हणजे या मुलीच्या जन्मापूर्वींच गांवांत इंजिनाची शिटी ऐकूं येत होती. परंतु घरांतील चालीरीतींवर त्या शिटीचा परिणाम अद्याप व्हावयाचा होता. नवव्या वर्षीं पोस्टांतील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला आणि यमुनेची आनंदी झाली. पुढें मूल झालें तें दहाच दिवस जगलें. स्त्रियांस स्त्रीवैद्य हवी, हा त्यांचा निश्चय त्या दुःखांतून झाला, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें त्यांच्या वैद्यकीविषयीं नव्हे, त्यांच्या मैत्रीविषयीं.

१८७८ सालीं गोपाळरावांनीं कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनरी गृहस्थांस पत्र लिहिलें व पत्नीच्या शिक्षणाची कांहीं सोय अमेरिकेंत होईल काय, असें विचारलें. उत्तर आलें तें ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याकडे बोट दाखविणारें. हा सारा पत्रव्यवहार तिकडील एका मिशनरी मासिकांत छापला गेला. त्या मासिकाचा अंक न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हातीं, दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतांना, सहज लागला. बाईंस त्या अनोळखी मुलीविषयीं कळवळा वाटला आणि त्यांनीं पत्र धाडलें. ज्या पानावर नकार छापला होता त्याच पानानें ही मैत्री जोडून दिली, ही गोष्ट मिशनच्या शाळेंतून निघणाऱ्या वार्षिकांत मोकळेपणानें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

पुढें जवळजवळ तीन वर्षें पत्रें जात-येत राहिलीं. आमच्याकडील चाली, सणवार, स्त्रियांची स्थिति यांविषयीं एकीनें लिहावें आणि आपल्या देशाविषयीं दुसरीनें कळवावें, असा क्रम चालला. आनंदीबाई त्यांस ‘मावशी’ म्हणूं लागल्या. प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वींच नातें ठरलें होतें. आजचा प्रवासी तिकीट आधीं काढतो आणि ओळख मागाहून शोधतो; त्यांचा क्रम उलट होता, आणि आमच्या मतें तोच बरोबर होता.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथें भर सभेंत आनंदीबाईंनीं आपण अमेरिकेस कां जातों हें इंग्रजींत सांगितलें व हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येण्याचा निश्चय जाहीर केला. ७ एप्रिलास त्यांनीं कलकत्त्याचा किनारा सोडला, आणि जवळजवळ दोन महिन्यांनीं, ४ जून रोजीं, त्यांची आगबोट न्यूयॉर्कास लागली. वय अठरा. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. कॉलेजाचें सत्र ऑक्टोबरांत सुरू व्हावयाचें असल्यामुळें मधले महिने त्या रोझेल येथें कार्पेंटर कुटुंबांत राहिल्या. उन्हाळ्याचे हे थोडे महिने म्हणजे त्या सबंध परदेशवासांतील खरें सुखाचें पर्व, असें आम्ही समजतों. पाहुणीनें आपलें लुगडें टाकलें नाहीं, शाकाहार सोडला नाहीं. आणि यजमाणीनें तिला बदलण्याचा हट्ट धरला नाहीं. मोठमोठ्या इमारती पाहून जें कळत नाहीं तें परक्यांच्या स्वयंपाकघरांत चार दिवस वावरल्यानें कळतें. मुलांस शिस्त कशी लावतात, नोकरांशीं कसें बोलतात, आजाऱ्याची काळजी कोण घेतो, घरांत पैशाचा शब्द कोणाचा चालतो, या गोष्टी कोणताहि वाटाड्या दाखवीत नाहीं.

पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांतहि हाच अनुभव वाढला. त्या वेळचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८५ सालच्या त्या चित्रांत लुगडें नेसलेल्या आनंदीबाई, जपानची केइ ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबूली अशा तिघी आपापल्या देशच्या वेषांत बसल्या आहेत. परक्या देशीं त्या तिघी एका बाकावर आल्या. तिघींनाहि दुसऱ्या दोन देशांचें दार तेथेंच उघडलें असेल.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस पदवी मिळाली. त्या समारंभास त्यांच्या दूरच्या नात्यांतील पंडिता रमाबाई इंग्लंडाहून आल्या. कॉलेजच्या मुख्य डॉ. रेचेल बॉडले यांचें त्यांस निमंत्रण होतें. समारंभास म्हणून गेलेल्या रमाबाई तेथें अडीच वर्षांहून अधिक राहिल्या, देशभर हिंडल्या, व्याख्यानें दिलीं, आणि परत आल्यावर १८८९ सालीं त्या देशाच्या लोकस्थितीचें मराठींत पुस्तक लिहिलें. स्नेह्यांच्या घरांघरांतून देश पाहिला म्हणजे तो किती बारकाईनें दिसतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तें पुस्तक अवश्य वाचावें.

उलट उदाहरणहि त्याच घरांतलें आहे, आणि तें झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गोपाळराव मागाहून अमेरिकेस गेले व जागोजाग व्याख्यानें देऊन त्यांनीं तेथील समाजावर आणि मिशनऱ्यांवर सडकून टीका केली. टीकेंत कांहीं तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांच्या ओसरीवर आपलें बिऱ्हाड आहे त्यांना चारचौघांत खालीं पाहावयास लावणें हें पाहुण्याचें काम नव्हे. बोलावयाचें तें यजमानाशीं, जेवणानंतर, निवांत बसून बोलावें. तोंडपुजेपणाहि तितकाच वाईट. त्यानें मित्रास आपला देश कळत नाहीं आणि आपल्यास त्याचा कळत नाहीं.

मैत्रीनें सर्व कांहीं साधतें, असेंहि कोणी समजूं नये. मित्राच्या देशांतील हवा मित्राचें ऐकत नाहीं. फिलाडेल्फियाची थंडी, अपुरा आहार व अभ्यासाचे श्रम यांनीं आनंदीबाईंची प्रकृति ढासळली. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठीं राखलेली होती; तेथें रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

आज सिंधुबंदी नाहीं, प्रायश्चित्त नाहीं. दोन महिन्यांची वाट एका दिवसांत सरते. अडचण आहे ती परवान्याची. आणि तेथेंहि कित्येक देशांचे वकील मित्राचें निमंत्रणपत्र मागतात, म्हणजे सरकारासहि मैत्रीची किंमत कळते. मुक्काम मात्र लहानच ठेवावा. पहिल्या दिवशीं पाहुणा, दुसऱ्या दिवशीं पई, आणि तिसऱ्या दिवशीं राही त्याची अक्कल जाई, ही म्हण परदेशांत अधिकच लागू आहे. कारण तेथें भांडीं घासण्यास बाई येत नाहीं आणि यजमानास सकाळीं कामावर जावयाचें असतें. पाहुण्यानें आपलें ताट आपण धुवावें, हें सांगण्यास आम्हांस थोडें अवघड वाटतें, पण सांगणें भाग आहे.

आणखी एक. आपण मित्राच्या देशीं जातों, पण मित्रास आपल्या गांवीं किती वेळां आणतों? आनंदीबाईंच्या काळीं कल्याणच्या सोंवळ्या घरांत कार्पेंटरबाईंस पंक्तीस बसतां आलें नसतें, हें लाजिरवाणें सत्य आहे. आतां तशी अडचण नाहीं. तरी परदेशी पाहुणा आला कीं आपण त्यास आग्र्यास धाडतों आणि आपलें घर दाखवावयाचें राहून जातें. त्यास दोन दिवस येथेंच ठेवावा. ज्या कल्याण बंदराचें नांव दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रीक खलाशाच्या पुस्तकांत आहे तेथील खाडी दुर्गाडीवरून दाखवावी. १०६० सालीं शिलाहारांच्या राज्यांत बांधलेलें अंबरनाथचें शिवालय दाखवावें. संध्याकाळीं ठाण्याच्या तलावपाळीवर बसवावें. चैत्रांत आला तर १९९९ पासून डोंबिवलींत पाडव्यास निघणारी स्वागतयात्रा दाखवावी. आणि दुसरे दिवशीं सकाळीं, त्याची तयारी असल्यास, एकदां डोंबिवलीहून मुंबईची लोकल धरावी. रात्रीं जेवण घरींच.

आनंदीबाईंच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्काच्या उत्तरेस हडसन नदीच्या कांठीं पोकिप्सी गांव आहे. तेथील दफनभूमींत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत त्या ठेविल्या आहेत. न्यूयॉर्काहून तेथें आगगाडी जाते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं ज्यांचे मित्र त्या बाजूस राहतात, त्यांनीं आपल्या धांवत्या प्रवासांतील अर्धा दिवस त्या गांवासाठीं काढावा, आणि जातांना मित्रासहि बरोबर न्यावें.