रात्र जागणारी मुले आळशी नसतात

परीक्षेच्या तोंडावर रात्र जागून घोकंपट्टी करणारी मुले आळशी असतात, हे एका वाचकपत्रातील मत अपुरे आहे. आष्टी तालुक्यात सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आसपास उरकते आणि कापसाची वेचणी जानेवारीपर्यंत, कधी त्याहूनही पुढे चालते. नागपूर विभागीय मंडळाच्या दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचलेल्या मुलीला रात्री भूमितीची प्रमेये घेऊन बसणे अवघडच जाते. त्याला चालढकल म्हणणे अन्यायाचे आहे.

अर्थात सवड असूनही अभ्यास पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत. त्यामागे बहुधा भीती असते: न समजलेला धडा उघडावासा वाटत नाही, आणि शेवटी ‘21 अपेक्षित’ हा प्रश्नसंच हाच आधार उरतो.

एका रात्रीत पाठ केलेले उद्याच्या पेपरापुरते टिकतेही, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण पाठ केलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून 1885 मध्ये दाखवले. 2006 मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके यांच्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

शाळांनी जूनपासूनच दर आठवड्याला मागच्या धड्यावर पुस्तक मिटून दहा मिनिटे लिहून घ्यावे. त्याला गुण देऊ नयेत, म्हणजे भीतीही राहणार नाही. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्यांसाठी त्या धड्यावरचे प्रश्न वहीत उतरवून द्यावेत.

— एक वाचक, आष्टी (जि. वर्धा)