बैनाम्यावर नसलेले नाव

लखनौच्या महानगर वसाहतीत राहणाऱ्या, आमच्या परिचयातील एका मराठी बाईंनी, घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्यावर, कपाटातून दोन चिजा काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक होता घराचा बैनामा, म्हणजे आपले खरेदीखत, त्यावर एकट्या पतीचे नाव. दुसरी होती घरखर्चाची जाडजूड वही, तिच्यात दूधवाल्याच्या रतिबापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत पै-पैचा हिशेब त्यांच्याच अक्षरात. "घर ह्या वहीतून उभं राहिलं," त्या म्हणाल्या, "पण कोर्ट कागद बघणार."

त्यांची भीती अनाठायी नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्याचे 27वे कलम विवाहप्रसंगी मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरतेच बोलते. 25वे कलम कायम पोटगीची तजवीज करते. स्त्रीधन पत्नीचेच, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्ध सांगितले. परंतु संसारकाळात उभयतांच्या श्रमांनी जमलेल्या मिळकतीच्या वाटणीचा नियम त्या कायद्यात नाही. ती उणीव अंशतः दूर करू पाहणारे विधेयक 2013 साली राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभेचा कार्यकाल संपताच ते बारगळले.

पोटगी देणाऱ्याची ऐपत आणि घेणारीची गरज पाहून ठरते, हिस्सा मात्र हक्काने मिळतो. आणि आयुष्यभर राबलेल्या स्त्रीला गरजवंत म्हणून उभे करणे हा तिच्या श्रमांचा अवमान आहे. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 साली एका निकालात गृहिणीचे श्रम पतीच्या कमाईइतकेच मिळकतीस कारण ठरतात, असे मानले. गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीतील 1867च्या नागरी संहितेपासून, विवाहपूर्व करार नसल्यास, पती-पत्नी अर्ध्या-अर्ध्या हिश्श्याचे धनी असतात.

अल्पकाळ टिकलेल्या विवाहाचे काय, वडिलोपार्जित इस्टेटीचे काय, असे आक्षेप येतील, आणि ते रास्तही आहेत. म्हणूनच वाटणी विवाहकाळात कमावलेल्या मिळकतीपुरती असावी, कर्जही तिच्यात धरावे आणि विवाहाचा काळ पाहून हिस्सा कमी-अधिक करण्याची मुभा न्यायाधीशास असावी. कायदा होईपर्यंत आपल्या हाती एवढे आहे: शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत शेतकऱ्यांकडून बायकोच्या नावे जमीन करवून घेतली, तसे आपण घर घेतानाच दस्तावर दोघांची नावे घालावीत; म्हणजे संसार मोडला तरी, ज्या घराचा हिशेब जिने लिहिला, तिला त्या घराच्या दारात याचक म्हणून उभे राहावे लागणार नाही.